सहाव्या जागेवरचे अमिनो आम्ल: मध्य भारतातील दोन रक्तदोषांमागील रसायनशास्त्र

मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी, बालाघाट आणि शहडोल या जिल्ह्यांपासून महाराष्ट्रातील गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरपर्यंत पसरलेल्या वनपट्ट्यात दोन आनुवंशिक रक्तदोष पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. पहिला सिकलसेल आणि दुसरा जी-६-पीडी या विकराची, म्हणजेच एन्झाइमची, कमतरता. पहिल्या दोषात तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. दुसऱ्यात ती वरकरणी निरोगी दिसते, परंतु हिवतापावरील एका नेहमीच्या गोळीने फुटू शकते. या दोन्ही दोषांचे मूळ मात्र सारखेच आहे. प्रथिनाच्या शेकडो दुव्यांच्या साखळीत एका ठरावीक जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे बसलेले असते.

या दोषांच्या अभ्यासात जबलपूर शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. शहरातील गढा भागात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ मध्ये आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. गोंड, बैगा आदी समाजांतील हिवताप, कुपोषण आणि आनुवंशिक रक्तदोष हे तिच्या संशोधनाचे प्रमुख विषय राहिले आहेत. १९५६ मधील राज्यपुनर्रचनेपूर्वी जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते. पुढे राज्याची सीमा बदलली, तरी या दोषांचा पट्टा सलग राहिला. त्यामुळे जबलपूरच्या परिसरात जे आढळते, ते विदर्भातील आरोग्यसेवेलाही तितकेच लागू पडते.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभही याच भागात, शहडोल येथे, १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. सिकलसेल ही सार्वजनिक आरोग्याची समस्या २०४७ पर्यंत संपुष्टात आणणे आणि त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे, हे मोहिमेचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. ही तपासणी नेमके काय शोधते, हे समजण्यासाठी प्रथिनांच्या रचनेकडे वळावे लागते.

वीस आम्ले, एक साखळी

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखरेवर नियंत्रण ठेवणारे इन्शुलिन, त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन आणि अन्न पचविणारी विकरे ही सर्व प्रथिनेच होत. त्यांची घडण वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून होते. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू असतो. त्याला एका बाजूस अमिनो गट, दुसऱ्या बाजूस आम्ल गट, तिसऱ्या ठिकाणी हायड्रोजन आणि चौथ्या ठिकाणी एक पार्श्वगट जोडलेला असतो. पहिले तीन घटक सर्वांना समान असतात. चौथा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि त्यावरूनच त्या आम्लाचा स्वभाव ठरतो.

काही पार्श्वगटांवर ऋण विद्युतभार असतो, काहींवर धन. काहींना पाण्याचे आकर्षण असते, तर काही तेलाप्रमाणे पाण्यापासून दूर राहतात. एका आम्लाचा आम्ल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट यांच्यामध्ये पेप्टाइड बंध तयार होतो आणि अशा बंधांनी लांबच लांब साखळी बनते. या साखळीतील आम्लांचा क्रम ठरलेला असतो, हे फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम उलगडून दाखविले. त्यासाठी त्यांना १९५८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही साखळी सुटी राहत नाही. तिचे काही भाग जिन्याप्रमाणे वळत वर जातात, तर काही भाग साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्यांमध्ये शेजारी शेजारी बसतात. त्यानंतर संपूर्ण साखळी गोळा होऊन तिला निश्चित घडी पडते. पाणी टाळणारे पार्श्वगट साधारणतः आत दडतात आणि पाण्याची ओढ असलेले बाहेर राहतात. कोणत्या कोनातून साखळी वळू शकते आणि कोणत्या कोनातून नाही, याचा नकाशा मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. तो रामचंद्रन आलेख आजही प्रथिनांच्या रचनेची शहानिशा करण्यासाठी जगभर वापरला जातो.

घडीची सूचना साखळीच्या क्रमातच असते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी एका विकराची घडी पूर्ण मोडून आणि ती आपोआप पुन्हा बसू देऊन सिद्ध केले. क्रमावरून आकार आणि आकारावरून कार्य, असा हा संबंध आहे. म्हणूनच क्रमातील एकच दुवा बदलला, तरी त्याचे परिणाम फार दूरवर पोहोचू शकतात.

५७४ पैकी दोन जागा

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. त्यांतील दोन अल्फा साखळ्यांमध्ये प्रत्येकी १४१ आणि दोन बीटा साखळ्यांमध्ये प्रत्येकी १४६ अमिनो आम्ले असतात. एकूण जागा ५७४ होतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. साखळ्या दोन असल्यामुळे संपूर्ण रेणूत केवळ दोन जागांवर फरक पडतो.

हा फरक शोधण्याची हकिकत रसायनशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, असे दाखविले. एखाद्या आजाराचे कारण एका रेणूत आहे, हे त्यावेळी प्रथमच स्पष्ट झाले. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी ट्रिप्सिन या पाचक विकराच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे सुमारे तीस तुकडे केले आणि ते कागदावर पसरवून निरोगी हिमोग्लोबिनच्या तुकड्यांशी ताडून पाहिले. सर्व तुकडे जुळले, फक्त एक जुळला नाही. त्या एका तुकड्यातील बदललेले अमिनो आम्ल १९५७ मध्ये निश्चित झाले.

ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिन मात्र पाणी टाळणारे आहे. ते रेणूच्या बाहेरील पृष्ठभागावर आल्यामुळे अडचण निर्माण होते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या पृष्ठभागावर पाणी टाळणारी एक खाच उघडी पडते. टिचबटणाचा एक भाग दुसऱ्यात बसावा, त्याप्रमाणे एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या या खाचेत बसते. रेणूला रेणू जोडला जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींहून अधिक रेणू असल्यामुळे हे तंतू पेशीला आतून ताणतात आणि ती विळ्यासारखी होते.

अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. हाडे, छाती आणि पोट यांमध्ये तीव्र वेदना होतात. प्लीहेचे कार्य बिघडून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि काही रुग्णांना पक्षाघातही होतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेलच्या रुग्णात ती साधारणतः १० ते २० दिवसांत नष्ट होते आणि त्यामुळे पंडुरोग जडतो.

रुग्णांना भरपूर पाणी पिण्याचा, थंडीपासून जपण्याचा आणि अतिश्रम टाळण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागेही हेच रसायन आहे. तंतू तयार होण्याचा वेग पेशीतील हिमोग्लोबिनच्या संहतीवर अतिशय अवलंबून असतो. शरीरातील पाणी थोडे जरी कमी झाले, तरी संहती वाढते आणि तंतू वेगाने बनतात. उन्हाळ्यात दिवसभर शेतात किंवा जंगलात राबणाऱ्या रुग्णासाठी पाण्याची बाटली हा उपचाराचाच भाग ठरतो.

नळीतील गढूळपणा

तपासणीच्या पहिल्या टप्प्यावर विद्राव्यता चाचणी केली जाते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकून हिमोग्लोबिनमधील प्राणवायू काढून घेतला जातो. निरोगी हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते आणि नळीमागील कागदावरच्या रेषा स्पष्ट दिसतात. सिकलसेलचे हिमोग्लोबिन साकळते, द्रावण गढूळ होते आणि रेषा दिसेनाशा होतात. पेशीत जे घडते, तेच येथे नळीत घडवून आणले जाते.

मात्र ही चाचणी रुग्ण आणि वाहक यांच्यात भेद करू शकत नाही. त्यासाठी विद्युतसंचलन किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी आवश्यक असते. ग्लुटामिक आम्ल गेल्यामुळे सिकलसेल हिमोग्लोबिनचा ऋण भार घटलेला असतो आणि ते विद्युतक्षेत्रात मागे पडते. फक्त मागे पडलेला पट्टा दिसला तर ती व्यक्ती रुग्ण असते आणि दोन्ही पट्टे दिसले तर वाहक. पहिल्या चाचणीच्या आधारे कोणालाही रुग्ण ठरविणे योग्य नाही.

गोळी आणि विकर

आता दुसऱ्या दोषाकडे वळता येईल. विकरे ही रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने आहेत. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करते. प्रत्येक विकराच्या घडीमध्ये एक क्रियास्थळ असते. योग्य रेणू तेथे बसतो, क्रिया घडते आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. ही घडी सैल झाली, तर विकर मंदावते किंवा लवकर नष्ट होते.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, अर्थात जी-६-पीडी, हे ५१५ अमिनो आम्लांची साखळी असलेले विकर आहे. ग्लुकोजपासून मिळालेल्या रेणूतील हायड्रोजन काढून ते एनएडीपीएच नावाचा पदार्थ तयार करते. हा पदार्थ पेशीतील ग्लुटाथायोनला कार्यक्षम ठेवतो आणि ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडीकरणाच्या हल्ल्यापासून वाचविते. इतर पेशींजवळ एनएडीपीएच मिळविण्याचे अन्य मार्ग असतात. तांबड्या पेशीजवळ मात्र हा एकच मार्ग आहे.

शिवाय प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून ती नवे प्रथिन बनवू शकत नाही. रक्तप्रवाहात येताना सोबत आणलेले विकर तिला आयुष्यभर पुरवावे लागते. बदललेल्या अमिनो आम्लामुळे विकर अस्थिर असेल, तर पेशी जुनी होईपर्यंत ते जवळजवळ संपलेले असते. एरवी त्याची उणीव जाणवत नाही. ऑक्सिडीकरण वाढविणारे औषध शरीरात गेले की जुन्या पेशी फुटू लागतात. लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात आणि रुग्ण अचानक निस्तेज होतो.

अशा औषधांमध्ये प्रिमाक्वीन सर्वांत महत्त्वाचे आहे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात सुप्त अवस्थेत दडून राहतात आणि पुन्हा ताप आणतात. त्यांचा नाश करण्यासाठी भारतात १४ दिवस प्रिमाक्वीन देण्याची पद्धत रूढ आहे. या औषधाने काही जणांच्याच पेशी का फुटतात, याचा शोध घेत असतानाच १९५६ मध्ये अमेरिकेत जी-६-पीडीची कमतरता उघडकीस आली. कुष्ठरोगावर दिले जाणारे डॅप्सोन आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन ही औषधेही अशा व्यक्तींना बाधू शकतात. कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्याही दोष असलेल्या नवजात बालकास अपायकारक ठरू शकतात.

भारतात या विकराचे तीन बदललेले प्रकार प्रामुख्याने आढळतात. मेडिटेरेनियन प्रकारात १८८ व्या जागी सेरिनऐवजी फिनिलॲलनिन असते. ओरिसा प्रकारात ४४ व्या जागी ॲलनिनऐवजी ग्लायसिन असते आणि तो विशेषतः आदिवासी समाजांत दिसतो. तिसरा प्रकार महाराष्ट्राशी निगडित आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळलेल्या प्रकारास कल्याण असे नाव देण्यात आले. केरळ या नावाने नोंदविलेला प्रकारही तोच असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. त्यात ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते, म्हणजे ऋण भाराच्या जागी धन भार येतो. सिकलसेलमध्येही ग्लुटामिक आम्लच हरवते. त्याच्या जागी कोणते आम्ल आले आणि कोठे आले, यावरून आजार वेगळा होतो.

जी-६-पीडीची चाचणीही विकराच्या कार्यावरच आधारलेली आहे. एनएडीपीएच अतिनील प्रकाशात चमकते. रक्ताच्या ठिपक्यात विकर असेल तर ठिपका उजळतो आणि कमतरता असेल तर तो काळा राहतो. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील, तर मात्र ही चाचणी फसवू शकते. जुन्या पेशी नष्ट होऊन रक्तात नव्या, विकराने भरलेल्या पेशी अधिक झालेल्या असतात आणि निष्कर्ष निर्दोष येतो. अशा वेळी काही महिन्यांनंतर पुन्हा तपासणी करणे आवश्यक ठरते.

हे दोष येथेच का

इतके घातक दोष टिकून कसे राहिले, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकलसेल वाहकांना गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. जी-६-पीडीच्या कमतरतेबाबतही असेच संरक्षण असल्याचे पुरावे आहेत. हिवताप जेथे शतकानुशतके होता, तेथे वाहक बालके अधिक संख्येने जगली आणि जनुके पुढे गेली.

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा अहवाल १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत मध्य भारतातील अनेक समाजांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक लोक वाहक असल्याचे दिसून आले. हा दोष आदिवासींपुरता मर्यादित नाही. विदर्भातील अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो.

हिवताप मात्र आता ओसरत आहे. मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांमध्ये २०१७ पासून हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबविण्यात आला. निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात यकृतातील सुप्त जंतू संपविणे गरजेचे असते आणि त्यासाठी प्रिमाक्वीनचा पूर्ण उपचार अधिकाधिक रुग्णांपर्यंत पोहोचवावा लागतो. ज्या भागात हे औषध सर्वाधिक हवे आहे, त्याच भागात ते न सोसणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. म्हणून गोळीपूर्वी चाचणी आणि चाचणी उपलब्ध नसल्यास पहिल्या काही दिवसांत लघवीच्या रंगावर लक्ष, ही दक्षता महत्त्वाची ठरते. कमतरता असलेल्या व्यक्तीला हिवतापावरील उपचार नाकारला जात नाही. औषधाची निवड आणि मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलली जाते.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

सिकलसेलचे बदललेले जनुक एकाच पालकाकडून मिळाले, तर व्यक्ती वाहक होते. तिच्या पेशींत निरोगी हिमोग्लोबिनही असल्यामुळे तंतू सहसा तयार होत नाहीत आणि ती सर्वसामान्य जीवन जगते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. निर्मूलन मोहिमेत दिली जाणारी जनुकीय स्थितीची कार्डे विवाहापूर्वी ही माहिती मिळावी, यासाठीच आहेत. मात्र या कार्डामुळे एखाद्या मुलीचे लग्न मोडणे किंवा दोष केवळ आईकडे देणे, याला विज्ञानात कोणताही आधार नाही. बालक रुग्ण असेल, तर जनुक दोन्ही पालकांकडून आलेले असते.

जी-६-पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांमध्ये हे गुणसूत्र एकच असल्याने त्यांच्यात कमतरता अधिक प्रमाणात दिसते. स्त्रियांमध्ये काही पेशी निरोगी आणि काही दोषयुक्त असू शकतात, त्यामुळे त्यांच्या चाचणीचा अर्थ अधिक काळजीपूर्वक लावावा लागतो.

सिकलसेलच्या उपचारातही प्रथिनांच्या रचनेचा उपयोग होतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्यांऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ते तंतूंमध्ये सामील होत नाही. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले काही महिने बालकास त्रास जाणवत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते आणि वेदनांचे झटके कमी करते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकसंपादन उपचारही हेच साधतो. तो अत्यंत खर्चिक असल्याने मध्य भारतातील बहुसंख्य रुग्णांसाठी नियमित हायड्रॉक्सियुरिया, जंतुसंसर्गापासून बचाव आणि वेळेवर तपासणी हेच आजचे मुख्य उपाय आहेत.

सिकलसेल आणि जी-६-पीडी हे दोन स्वतंत्र दोष असून एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. सिकलसेलची तपासणी निर्दोष आली, तरी त्यावरून विकराची कमतरता नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या आहेत आणि हिवतापाच्या रुग्णाने प्रिमाक्वीन सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडी चाचणीविषयी आरोग्य केंद्रात विचारणे हिताचे आहे. गोळी सुरू असताना लघवी काळसर दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.